ताणाखालचा बोल्ट ओळखायला शिका: गॅरेजच्या दारांच्या कामात येणाऱ्यांसाठी

गॅरेजच्या दारांचं काम शिकायला येणारे बहुतेक जण आधी मोटरकडे बघतात. रिमोट, सेन्सर, वायरिंग यातच त्यांचा जीव अडकलेला असतो. मी त्यांना पहिल्याच दिवशी, दार बंद असताना, मोटरचा प्लग काढून दार मोटरपासून सोडवायला लावतो. मग ते हाताने निम्म्यावर उचलायचं आणि हळूच हात सैल करायचे. दार तिथेच थांबतं. त्यावर माझा प्रश्न असतो, "आता हे वजन कोणी धरलंय?" उत्तर जवळजवळ नेहमी 'ट्रॅकने' असंच येतं. पण ट्रॅक फक्त वाट दाखवतो. वजन धरलेलं असतं ते वरच्या शाफ्टवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, पिळून बसवलेल्या स्प्रिंगने. मोटरच्या वाट्याला फारतर चार-पाच किलो येतात.

हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय मी कोणाच्या हातात पान्हा देत नाही. कारण या कामात इजा होते ती बहुतेक वेळा नेहमीच्या, साध्या दिसणाऱ्या बोल्टपाशी. तो बोल्ट बिजागरीच्या बोल्टसारखाच दिसतो, त्याला तोच पान्हा लागतो. फरक एवढाच, की त्याच्यामागे अख्ख्या दाराचं वजन उभं असतं.

ते किती, याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. दार ७० किलोचं, उंची २.१ मीटर. बंद दार पूर्ण वर गेलं की त्याचा गुरुत्वमध्य साधारण १ मीटर वर जातो. म्हणजे सुमारे ७०० ज्यूल ऊर्जा. बंद दाराच्या स्प्रिंगमध्ये ही ऊर्जा साठवलेलीच असते. दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो. शाफ्टवरच्या ज्या ड्रमवर दार उचलणारी केबल गुंडाळली जाते, त्याची त्रिज्या साधारण ५ सेंटीमीटर धरली, तर ७० किलोला तोलायला ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. या मापाच्या ड्रमवर स्प्रिंगला सातेक फेरे दिलेले असतात. शून्यापासून सात फेऱ्यांपर्यंत वाढत गेलेला हा पीळ मिळून पुन्हा ७०० ते ८०० ज्यूलच भरतो. ७० किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून पडला तर आदळताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. इथे ती पीळ द्यायच्या लोखंडी सळईच्या, म्हणजे वाइंडिंग बारच्या, टोकातून क्षणार्धात बाहेर पडू शकते. हा हिशोब स्वतःच्या हाताने केलेला शिकाऊ माणूस कोनच्या, म्हणजे स्प्रिंगच्या टोकावर बसवलेल्या भोकं असलेल्या तुकड्याच्या, भोकात बारऐवजी स्क्रूड्रायव्हर खुपसत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता ताण धरणाऱ्या जागा. सगळ्यात आधी वाइंडिंग कोनवरचे सेट स्क्रू. स्प्रिंगचं फिरतं टोक शाफ्टला पकडून ठेवणारे हे दोन, कधी तीन छोटे स्क्रू. कोनच्या भोकात बार नसताना ते सैल केले की कोन भिरभिरत सुटतो. दुसरी जागा म्हणजे मधला अँकर ब्रॅकेट. स्प्रिंगचं स्थिर टोक इथे बोल्टने बांधलेलं असतं. दोन स्प्रिंग असल्या तर दोघींचा पीळ ब्रॅकेटवर एकाच दिशेने येतो. त्या एकमेकींना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून हा ब्रॅकेट भिंतीला कसा धरला आहे हे बघणं स्प्रिंग बघण्याइतकंच महत्त्वाचं. कुजलेल्या लाकडात बसवलेला स्क्रू कितीही जाड असला तरी त्याचा उपयोग नाही. ब्रॅकेटच्या कडेला भिंतीवर घासल्याची ताजी खूण किंवा स्क्रूच्या डोक्याभोवती भुसा दिसला, तर काम तिथेच थांबवा.

नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो तो दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटपाशी. कारण ती जागा हाताशी असते, गुडघ्याच्याही खाली, आणि तिथे स्प्रिंग दिसतच नाही. रोलर, म्हणजे ट्रॅकमध्ये फिरणारं चाक, झिजला म्हणून बदलायला बसतो, आणि ब्रॅकेटचे दोन बोल्ट सोडायला लागतो. पण उचलणारी केबल याच ब्रॅकेटला अडकवलेली असते. दार बंद असताना प्रत्येक केबलवर दाराचं निम्मं वजन असतं, आणि तिच्या मागे स्प्रिंगचा पूर्ण पीळ. बोल्ट निघाला की ब्रॅकेट गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. म्हणूनच पुष्कळ उत्पादक हे बोल्ट लाल रंगवतात, इशाऱ्याचं लेबल चिकटवतात, किंवा साध्या पान्ह्याने न उघडणारे स्क्रू वापरतात. मात्र जुन्या दारांवर रंग उडालेला असतो, लेबल गळून पडलेलं असतं. रंग दिसला नाही म्हणजे ताण नाही, असं धरून चालू नका. केबल कुठून कुठे जाते ते डोळ्याने माग काढत बघा. जिथे ती संपते ती जागा ताणाखाली आहे.

ट्रॅकला समांतर ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगची गोष्ट वेगळी. त्या दार बंद असताना ताणलेल्या असतात आणि दार वर गेल्यावर सैल पडतात. म्हणून त्यांचं काम दार पूर्ण वर नेऊन, दोन्ही ट्रॅकला रोलरखाली क्लॅम्प लावून करायचं. शाफ्टवरच्या स्प्रिंगचं काम उलट, दार खाली असताना. नवशिक्यांचा इथे घोळ होतो, म्हणून सांगतो: शाफ्टवरची स्प्रिंग दार वर असतानाही पूर्ण सैल नसते. केबल ड्रमवरून उतरू नये म्हणून तिच्यात थोडा पीळ मुद्दाम ठेवलेला असतो.

पीळ देण्याच्या आणि उतरवण्याच्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते शब्दांत फारसं कोणी सांगत नाही. बार हवेत दोन, एकाच मापाचे, कोनच्या भोकात घट्ट बसणारे. बऱ्याच कोनना १२.७ मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा बार लागतो, पण काही ठिकाणी जाड बार लागतो, तेव्हा भोक मोजा. बार आत पूर्ण टेकेपर्यंत सरकवायचा. टेकल्याचा 'टक्' असा जाणवेल असा थांबा हाताला लागतो, तो लागल्याशिवाय जोर द्यायचा नाही. बारवर आतून किती खोल जायला हवं तिथे टेपची खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी नजरेनेही खात्री होते. शरीर शाफ्टच्या एका बाजूला ठेवायचं. चेहरा आणि छाती बारच्या फिरण्याच्या रेषेत कधीही नको. शिडी अशी लावायची की बार सुटला तरी तो शिडीला आणि पायांना लागणार नाही.

पीळ उतरवताना आधी मोटरचा प्लग काढलेला, दार खाली, ट्रॅकला रोलरच्या वर क्लॅम्प लावलेले. खालच्या भोकात बार घालून किंचित वर रेटायचं, म्हणजे भार स्क्रूवरून हातावर येतो. तो हातावर आलाय हे जाणवल्यावरच सेट स्क्रू सैल करायचे. मग पाव फेरा खाली आणायचं, दुसरा बार पुढच्या भोकात पूर्ण बसवायचा, भार त्याच्यावर घ्यायचा, आणि तेव्हाच पहिला काढायचा. कोणत्याही क्षणी एक बार भार धरून असलाच पाहिजे. मध्येच फोन वाजला, कोणी हाक मारली, तर बार तसाच धरून ठेवा, उत्तर नंतर द्या. बोलत बोलत पीळ उतरवणारे लोक मला आवडत नाहीत.

एक स्प्रिंग तुटलेली आणि दुसरी शाबूत असेल, तर ती दुसरी अजून पिळलेलीच आहे, हे विसरू नका. तुटलेली सुटी करायच्या नादात शाबूत स्प्रिंगचा पीळ न उतरवता ड्रमचे स्क्रू सोडणं फार धोक्याचं. आणि बदलायच्या तर दोन्ही बदलाव्यात, कारण दोघींनी सारखीच उघडझाप सोसलेली असते. नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० उघडझापींचं धरतात. दिवसाला चार वेळा म्हटलं तर २,५०० दिवस, म्हणजे सातेक वर्षं. नवीन स्प्रिंग मागवताना तारेची जाडी एका वेढ्यावर मोजू नका. वीस वेढ्यांची लांबी मोजून वीसने भागा. जाडीतला अगदी लहान फरकही दाराचा तोल बिघडवतो. उजव्या-डाव्या पिळाची ओळख कोनच्या रंगावरून सांगतात, पण तारेचं टोक कुठे वळतं ते बघून खात्री करा.

आता सुरक्षेच्या साधनांकडे येतो. माझं ठाम मत आहे की ही साधनं स्प्रिंग तुटल्यानंतरच्या क्षणासाठी असतात. तुम्ही बोल्ट सोडताना ती तुम्हाला वाचवतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण घरात राहणाऱ्या माणसांसाठी त्यांचं मोल फार मोठं आहे, आणि ती नीट बसवणं हे तुमचं काम.

सगळ्यात साधं साधन म्हणजे ट्रॅकला समांतर असलेल्या लांब स्प्रिंगमधून आरपार ओवलेली सुरक्षा केबल. तिची दोन्ही टोकं ट्रॅकच्या आधारांना बांधलेली असतात. स्प्रिंग तुटली की तिचे तुकडे या केबलवर अडकून राहतात, गाडीवर किंवा माणसावर जात नाहीत. जुन्या दारांवर ती नसतेच. दुसऱ्या कुठल्याही कामासाठी गेलात आणि ती दिसली नाही, तरी घरमालकाला सांगा. बसवताना ती स्प्रिंगच्या हालचालीत अडणार नाही इतपत सैल, पण लोंबणार नाही इतपत ताठ हवी.

शाफ्टवरच्या स्प्रिंगसाठी स्प्रिंग-ब्रेक यंत्रणा असते. तिचा एक जुना नग मिळाला तर टेबलावर ठेवून हाताने चालवून बघा, पाच मिनिटांत सगळं कळतं. शाफ्टवर दातेरी चाक, आणि त्याच्या दातांपासून किंचित दूर धरलेला खटका. स्प्रिंगचं स्थिर टोक याच यंत्रणेच्या पट्टीला बांधलेलं असतं, आणि स्प्रिंगचा पीळच खटक्याला दातांपासून लांब ठेवतो. स्प्रिंग तुटली की पीळ नाहीसा होतो, खटका दातात पडतो, शाफ्ट जागीच अडकतो आणि दार खाली कोसळत नाही. युरोपच्या ईएन १२६०४ या मानकानुसार असा बिघाड झाल्यावर दार ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त घसरता कामा नये.

यातली एक बारीक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला बोट ठेवून दाखवतो. पीळ देताना खटका मध्ये येऊ नये म्हणून काही रचनांमध्ये तो एका पिनेने किंवा स्क्रूने अडवून ठेवलेला असतो. पीळ देऊन झाला की ती पिन काढायचीच. एका घरी स्प्रिंग तुटून दार पूर्ण कोसळलेलं मी पाहिलं. यंत्रणा जागेवर होती, चांगल्या प्रतीची होती, आणि आधीच्या बसवणाऱ्याची पिन तशीच आत होती. दाराखाली कोणी नव्हतं. वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं, कारण पिन पट्टीच्या मागच्या बाजूला होती. म्हणून काम संपल्यावर काढलेली पिन हातात घेऊन घरमालकाला दाखवायची सवय मी लावून घेतली आहे. आणि ही यंत्रणा एकदा दातात पडली की ती बदलायची. तिच्या दातांनी एकदा धक्का सोसलेला असतो.

केबल तुटली तर वेगळी यंत्रणा लागते. ती खालच्या ब्रॅकेटमध्येच असते. केबलचा ताण एका धारदार पात्याला आत दाबून धरतो. ताण गेला की छोट्या स्प्रिंगने ते पातं बाहेर येऊन ट्रॅकमध्ये रुततं. हिच्या फटीत रंग, वंगण आणि माती साचते आणि पातं हलेनासं होतं, म्हणून दर देखभालीला ती साफ करा. ट्रॅकला ग्रीस फासणाऱ्यांना तर मी थांबवतोच.

मोटरच्या बाजूचे सेन्सर आणि अडथळ्याला लागून दार उलटं फिरणं हा वेगळा अभ्यास आहे. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती मोटरला ही अडकण्यापासून वाचवणारी जोड सक्तीची आहे, आणि जमिनीवर ३८ मिलिमीटर जाडीची फळी आडवी ठेवून दार तिला लागून परत वर जातं का, हे तपासतात. एवढंच सांगतो, की दाराचा तोल बिघडलेला असेल तर या चाचणीवर विसंबता येत नाही. आधी स्प्रिंग, मग मोटर.

घरमालकांना एक गोष्ट न चुकता सांगा. दार वर असताना स्प्रिंग तुटली, तर मोटर सोडवणारी लाल दोरी ओढायची नाही. त्या क्षणी दाराला फक्त मोटरने धरलेलं असतं. माणसं, मुलं, गाडी बाजूला घ्यायची आणि कारागिराला बोलवायचं. बंद दारावर स्प्रिंग तुटली तर मोठा आवाज होतो, वेढ्यांमध्ये बोटभर फट दिसते आणि दार उचलत नाही. तेव्हाही मोटर पुन्हा पुन्हा चालवायची नाही.

शिकायचं कसं, असं बरेच जण विचारतात. पहिले काही महिने फक्त मोजा, साफ करा, तोल तपासा आणि दुसऱ्याच्या बारकडे बघा. दार बघितलं की त्याचं चित्र काढा आणि ताणाखालचा प्रत्येक स्क्रू लाल पेनाने रंगवा, मग उस्तादाला दाखवा. पीळ देणं पहिल्यांदा हलक्या, एकाच स्प्रिंगच्या दारावर, शेजारी जाणता माणूस उभा असताना करा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि सैल बाह्या किंवा गळ्यातलं काहीही नको.

कुठे काम धरायचं हे ठरवताना त्यांच्या हत्यारांच्या पेटीतले वाइंडिंग बार मागून घ्या. टोकं सरळ आणि कडा शाबूत असतील, तर पुढचं बोलणं करा. टोकं गोल झिजलेली असतील, किंवा पेटीत बारऐवजी जाड स्क्रूड्रायव्हर आणि बांधकामाच्या सळईचे तुकडे सापडले, तर त्या माणसाकडे काम धरू नका.