शिक्षा किती मागायची : सरकारी वकिलासाठी

बीड-धाराशिवकडचं नेहमीचं प्रकरण घ्या. बांधाच्या वादात कोयता चालला, बोटं तुटली, आरोपी दोषी ठरला. आता शिक्षेवर बोलायचंय आणि मागे जखमीचं अख्खं गाव बसलंय.

आधी घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर भादंवि (भारतीय दंड विधान, जुना फौजदारी कायदा) कलम ३२६: जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत, किमान मुदत नाही. त्या दिवशीची किंवा नंतरची असेल तर भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२): जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद, पण कैद किमान १ वर्ष. जुन्या घटनेला नवं किमान लावून मागणी करू नका. अपिलात ती टिकत नाही. जन्मठेपेची तरतूद असल्यानं परिवीक्षा कायद्याचं कलम ४ (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं) इथे लागत नाही.

मग कागद. पोलीस ठाण्याकडून आरोपीच्या पूर्वीच्या शिक्षांची नोंद मागवा. नुसते दाखल गुन्हे म्हणजे शिक्षा नव्हे, हे सगळ्यात जास्त चुकतं. कारागृहातून कोठडीचे दिवस लेखी घ्या, ते शिक्षेतून वजा होतात. जखमीचं अपंगत्व प्रमाणपत्र जोडा. ऊसतोडीला जाणाऱ्याची मूठच वळत नसेल तर कोयता कसा धरणार? हे न्यायालयाला सविस्तर सांगा आणि नुकसानभरपाई आवर्जून मागा, कारण नुसत्या कैदेनं त्याचं घर चालत नाही.

जास्तीत जास्त मागणं सोपं असतं, पण तुम्ही फिर्यादीचे नव्हे, राज्याचे वकील. आरोपीचं वय, पहिलाच गुन्हा, वार एक की अनेक, हेही स्वतःहून मांडा. किती वर्षं मागायची तो आकडा आदल्या रात्री कारणांसह लिहून ठेवा. सकाळी गर्दी बघून तो वाढवावासा वाटला, तर कागदावर नवं कारण लिहिता येतंय का ते तपासा. येत नसेल तर रात्रीचाच आकडा मागा.