जुन्या बेसबॉलमधला शटआउट कसा जोखावा

प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, संपूर्ण सामना एकट्याने टाकला, की त्याच्या नावावर शटआउट जमा होतो. व्याख्या सोपी आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या आकड्यांना आजचा अर्थ लावला, तर फसगत ठरलेलीच.

प्रथम वर्ष पाहावे. 1880 पर्यंत पिचर होम प्लेटपासून (बॅटर म्हणजे फलंदाज जिथे उभा राहतो त्या जागेपासून) अवघ्या 45 फुटांवर उभा राहत असे. 1881 मध्ये हे अंतर 50 फूट झाले आणि 1893 मध्ये आजचे 60 फूट 6 इंच ठरले. जवळून टाकण्याचा हा फायदा निर्भेळ मात्र नव्हता, कारण नॅशनल लीग या अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत खांद्यावरून चेंडू टाकण्याची मुभा 1884 मध्ये मिळाली आणि चेंडू उंच हवा की खाली, हे सांगण्याचा बॅटरचा हक्क 1887 मध्ये संपला.

त्यानंतर धावफलकातला क्षेत्ररक्षकांच्या चुकांचा रकाना नीट वाचावा. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. 1870 च्या दशकात बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू अडवीत, त्यामुळे सुटलेले झेल आणि भरकटलेल्या फेकी यांतून मिळणाऱ्या धावांचे प्रमाण मोठे होते, आणि पिचरने कितीही अचूक टाकले तरी पाटी कोरी राहणे त्याच्या एकट्याच्या हाती नव्हते. अशा शटआउटचे श्रेय संपूर्ण संघाला द्यावे.

तुलना करताना सामन्यांची संख्याही मोजावी. सेंट लुईसच्या जॉर्ज ब्रॅडलीने 1876 च्या हंगामात 16 शटआउट टाकले आणि संघाच्या सर्व 64 सामन्यांची सुरुवात त्यानेच केली. फिलाडेल्फियाच्या ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडरने 1916 मध्ये याच आकड्याशी बरोबरी केली, पण त्याच्यामागे हातमोजे घातलेले क्षेत्ररक्षक होते आणि गोलंदाजीचा भार वाटून घेणारे सहकारीही होते. आकडा एकच असला तरी या दोन कामगिऱ्यांना एका मापाने तोलणे मला पटत नाही.

जुन्या वृत्तपत्रांत शोध घेताना केवळ ‘शटआउट’ या शब्दावर विसंबू नये. 23 जुलै 1870 रोजी न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघाने शिकागोचा 9–0 असा पराभव केला आणि तेव्हापासून शून्यावर हरणाऱ्या संघाला ‘शिकागो’ केले असे बातमीदार लिहू लागले. त्यामुळे शिकागोचा संघ मैदानात नसतानाही हे नाव मथळ्यात दिसले, तर खालचा धावफलक अवश्य पाहावा.