गांजाच्या केसमध्ये घरच्यांनी करायची तयारी

मुलाला किंवा भावाला गांजाच्या केसमध्ये धरलंय असा फोन आला, तर सगळ्यात आधी विचारा, "कुठल्या पोलिसांनी?" सोलापुरात या प्रश्नाला तीन उत्तरं असू शकतात: शहर आयुक्तालय, सोलापूर ग्रामीण किंवा लोहमार्ग पोलीस. हैदराबादकडून येणाऱ्या गाडीत किंवा स्टेशनच्या फलाटावर पकडलेल्या माणसाला शोधत घरचे शहरातल्या ठाण्यांमध्ये हिंडत राहतात, आणि तेवढ्यात पहिली रिमांड, म्हणजे कोठडी ठरवायची कोर्टातली हजेरी, होऊनही जाते. ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि लावलेली कलमं एवढं कळलं की ते कागदावर लिहून घ्या. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. म्हणून अटकेची वेळ मिनिटासकट लिहा. शेजाऱ्याने कधी पाहिलं, शेवटचा फोन कधी लागला, मोबाइल कधी बंद झाला, तेही लिहा. पुढे पंचनाम्यावरची वेळ आणि तुमच्या वहीतली वेळ समोरासमोर ठेवता येते. अशा खटल्यात बचावाची पहिली वीट अनेकदा तिथेच बसते.

वकील पहिल्या रिमांडलाच उभा राहिला पाहिजे. दोन दिवसांनी बघू म्हणू नका. एनडीपीएसचे, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालचे खटले शेवटपर्यंत चालवलेला वकील शोधा. त्यांना थेट विचारा की नुसते जामीन केले आहेत की साक्षीदारांची उलटतपासणीही घेतली आहे. वकीलपत्रावर आरोपीची सही लागते, ती ठाण्यात किंवा कोर्टात घेता येते. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा आरोपीला हक्क आहे, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही. पैशाची सोय नसेल तर लाजू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. "साहेबांशी बोलून मिटवून देतो" म्हणणारा कोणी कोर्टाच्या आवारात भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. तो पैसा जातो, आणि लाच देण्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो.

आता वजन. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण शिक्षा, जामीन आणि कोर्ट या तिन्ही गोष्टी वजनावर ठरतात. २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजा १ किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, २० किलोच्या वर असेल तर व्यापारी प्रमाण आणि यामधलं मधलं प्रमाण. अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं, आणि १ ते २ लाख दंड. चरस असेल तर हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो होतात, म्हणून फिर्यादीत नेमका कोणता पदार्थ लिहिलाय ते आधी वाचा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसता पाला किंवा बिया त्यात येत नाहीत. मग पंचनाम्यात काय लिहिलंय? ‘हिरवट ओलसर पाला, काड्या, बिया’ असं सरसकट लिहून सगळ्याचं एकत्र वजन केलंय का? वजन गोणीसकट आहे की गोणी वजा करून? वजनकाटा कोणाचा, कुठून आणला, वजन करणाऱ्याचं नाव आहे का? माल ओला होता की सुका? २१ किलो लिहिलेलं असेल तर या एकेका प्रश्नाची किंमत काही वर्षांची असते. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ‘गांजासह तरुण जेरबंद’ अशी बातमी आलीच असेल. ते कात्रण तारखेसकट जपून ठेवा. बातमीतलं वजन, ठिकाण, वेळ आणि कागदावरचं वजन, ठिकाण, वेळ जुळतंय का हे वकिलांना पाहू द्या. कात्रण स्वतः पुरावा ठरत नाही, पण कुठे शोधायचं ते त्यातून कळतं.

माल नेमका कुठे सापडला हे आरोपीकडून वकिलांनी एकांतात ऐकून घ्यावं, ठाण्यातल्या बाकावर बसून नव्हे. खिशात, कमरेला की सॅकमध्ये? अंगझडती असेल तर याच अमली पदार्थ कायद्याचं कलम ५० लागतं. जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क आहे हे त्याला सांगावंच लागतं, आणि ते काटेकोरपणे पाळलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये ठरवलं. पिशवीच्या किंवा गाडीच्या डिकीच्या झडतीला मात्र हे कलम लागत नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची. घरात किंवा बंद जागेत छापा असेल तर कलम ४२ बघायचं. मिळालेली खबर लिहून घेतली का, ७२ तासांत वरिष्ठांना कळवली का, सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय आत शिरले असतील तर त्याची कारणं लिहिली का? रस्त्यावर किंवा एसटी स्टँडवर पकडलं असेल तर कलम ४३ येतं आणि यातले बरेच प्रश्न गळून पडतात. म्हणून जागेचा कच्चा नकाशा काढून ठेवा, आसपासच्या दुकानांची नावं लिहा. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे. ते झालं का, हे पहिल्याच दिवशी विचारायला सांगा.

सीसीटीव्हीचं काम सगळ्यांत घाईचं, कारण फुटेज थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. टोलनाका, पेट्रोल पंप, लॉज, चहाची टपरी, रेल्वे स्टेशन, जिथे जिथे कॅमेरा आहे तिथे वकिलांकडून फुटेज जपण्याचं पत्र लगेच द्या, आणि कोर्टातही तसा अर्ज करा. मोबाइलचे कॉल आणि लोकेशनचे तपशील मागवण्याचा अर्जही याच वेळी. घरातल्या कुणाच्याही फोनमधला एकही मेसेज पुसू नका, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर केसबद्दल काही लिहू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पंचांना भेटायला जाऊ नका, ओळखीचे असले तरी.

खोली किंवा गाडी अनेकांची असेल तर कागदांची गठ्ठी मोठी करा. आपल्याकडे एमआयडीसीत कामाला आलेली, कॉलेजला असलेली चार-पाच पोरं एका खोलीत राहतात. तिथे माल सापडला तर तो कोणाच्या ताब्यात होता आणि कोणाला माहीत होता, हाच खरा मुद्दा असतो. भाडेकरार, लाइटबिल, कोणाचा पलंग, कोणाची पेटी, कुलूप कोणाचं, त्या दिवशीची कामाची हजेरी, प्रवासाचं तिकीट, गाडीचं आरसी बुक, हे सगळं गोळा करा. या कायद्यात कलम ३५ आणि ५४ आरोपीच्या विरुद्ध गृहीतक धरतात, त्यामुळे ‘सिद्ध करा म्हणावं’ एवढ्यावर थांबून चालत नाही. तरीही आधी ताबा शाबीत करणं सरकार पक्षाचंच काम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय. अधिकाऱ्यांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हेही २०२० मध्ये ठरलंय. आरोपीला एवढंच सांगा की न वाचता सही करू नकोस.

सोलापुरात भाषेचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, काही ठिकाणी उर्दू. अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत आणि लेखी मिळायला हवीत. त्याला मराठी वाचता येत नसेल तर शाळेचा दाखला काढून ठेवा आणि रिमांडच्या वेळीच वकिलांना हे कोर्टाच्या कानावर घालू द्या. वय १८ च्या खाली असेल तर तोच दाखला प्रकरण बाल न्याय मंडळाकडे नेतो, त्यामुळे तो पहिल्या दिवशीच हातात हवा.

जामिनाची तयारी अर्ज मंजूर होण्याआधीच करा. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, फोटो, लागल्यास ऐपतीचा दाखला. आरोपीच्या बाजूने नोकरीचा कागद, कॉलेजचं बोनाफाइड, आईवडिलांचे आजारपणाचे कागद. प्रमाण अल्प असलं तरी गुन्हा अजामीनपात्र धरला जातो, असाच निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे, तेव्हा ठाण्यातच सुटेल या भरवशावर राहू नका. व्यापारी प्रमाणात कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. खटला वर्षानुवर्षं रखडला तर तो विलंबही जामिनाचा आधार होऊ शकतो, म्हणून प्रत्येक तारखेला काय झालं ते वहीत लिहा. विशेष न्यायालयाने नाकारलं तर पुढचा अर्ज उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सोलापूरकरांसाठी आहे, त्यामुळे मुंबईची वारी वाचते. शिवाय दिवस मोजा, कारण ठरलेल्या दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचं. व्यापारी प्रमाणात दोषारोपपत्राला १८० दिवस मिळतात आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर ते १ वर्षापर्यंत वाढू शकतात. इतर वेळी ६० वा दिवस कॅलेंडरवर लाल करून वकिलांशी आधीच बोला. दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज केला नाही तर हा हक्क हातचा जातो.

आरोपीला खरंच व्यसन असेल तर ते घरच्यांनी झाकू नये. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला, केसपेपर जपा. कलम ६४अ प्रमाणे अल्प प्रमाणात किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, आणि कलम ३९ खाली कोर्ट उपचारासाठी सोडू शकतं. वीस वर्षांच्या पोराला तुरुंगापेक्षा दवाखान्याची गरज असते, आणि कायद्याने ती वाट ठेवलेली आहे. ती वापरा.

दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते. ती हातात आली की प्रत्येक पानावर नंबर टाका आणि पुढचे कागद शोधा: मॅजिस्ट्रेटसमोर केलेली मालाची यादी, फोटो आणि नमुने (कलम ५२अ), मुद्देमाल कोणाच्या ताब्यात कधी गेला त्या नोंदी, सीलचा ठसा, वरिष्ठांना ४८ तासांत पाठवलेला अहवाल, प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल). ५२अ ची चूक एकट्याने सुटका देतेच असं नाही, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय, पण सीलमध्ये किंवा वजनात गडबड असेल तर ती चूक भारी ठरते. नमुना ज्या वजनाचा पाठवला आणि प्रयोगशाळेला ज्या वजनाचा मिळाला ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून वकिलांना द्या. जे पान नाही त्याची यादी वेगळी करा आणि आरोप निश्चित होण्याच्या तारखेआधी ती पानं मागण्याचा अर्ज दाखल झालाय ना, ते स्वतः कोर्टात जाऊन बघा.