पेटी, टिकाव आणि रजिस्टर : पाळक होऊ पाहणाऱ्यांसाठी

चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून पहिल्या नेमणुकीवर जाऊन मला नऊ दिवस झाले होते. रात्री अडीचला दार वाजलं. "पाळकसाहेब, आबा गेले. पेटीचं बघा." मी चपला घातल्या, चर्च उघडलं आणि हार्मोनियम खांद्यावर टाकून त्या माणसाच्या मागोमाग निघालो. आमच्या नगरकडे हार्मोनियमला पेटीच म्हणतात, आणि मयताच्या घरी रात्रभर गीतं म्हणायची रीतही मला ठाऊक होती. त्याला हवी होती शवपेटी. त्या रात्री कोणी हसलं नाही. पुढच्या वर्षी त्याच घरच्या लग्नात मात्र हा किस्सा माझ्यादेखत तीनदा सांगून झाला.

बी.डी. म्हणजे पाळकाच्या शिक्षणाची पदवी. तिच्या चार वर्षांत मी ग्रीक शिकलो, मंडळीचा म्हणजे ख्रिस्ती समाजाचा इतिहास शिकलो, उपदेशाची मांडणी शिकलो. शवपेटी कुठल्या सुताराकडे मिळते आणि उन्हाळ्यात मुरमाची जमीन खणायला किती माणसं लागतात, हे कुणी शिकवलं नाही. (पाच. टिकाव, पहार, फावडी नि घमेली चर्चच्या खोलीत कुलपात ठेवा. ऐनवेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागत फिरायला लागलात, तर कबर वेळेत होत नाही.)

सेमिनरीला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, जाऊ नका, असं मात्र मी म्हणत नाही. जरूर जा. आपल्याकडच्या बऱ्याच सेमिनऱ्यांची पदवी बंगालमधल्या सेरामपूरची असते. ते कॉलेज १८१८ साली काढणाऱ्यांपैकी विल्यम केरी यांनी १८०५ सालीच मराठीचं व्याकरण छापलं होतं, म्हणजे तिकडचं नि आपलं नातं तसं जुनं आहे. पण शिकवणं बहुतेक इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली दोन सत्रं शब्दकोशातच जातात, माझी गेली. लाजू नका, आणि मराठीत टिपणं काढायची सवय सोडू नका. उद्या बोलायचंय ते मराठीतच. आणखी एक. आपल्या मंडळीची शिफारस नसेल तर प्रवेशही अडतो आणि पुढे नेमणूकही, तेव्हा अर्ज भरण्याआधी दोनेक वर्षं संडे स्कूल किंवा तरुण संघात राबा. तिथेच कंटाळा आला, तर तेवढ्यावर थांबता येतं.

आता उपासना. पहिल्याच महिन्यात मी गिटार आणली, पडद्यावर हिंदी गीतं दाखवली. तरुण पोरं खूश झाली. शेवटचा आशीर्वाद झाला, लोक उठू लागले, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजींनी बसल्या जागी रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू केलं. त्यांना अक्षरओळख नाही. पाचही कडवी तोंडपाठ. उठलेले लोक पुन्हा बसले आणि टाळ कुठून आले ते मला कळलंच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यानंतर त्यांनी ओवी, अभंग, कीर्तन हे सगळं आपल्या उपासनेत आणलं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ते पाठ करून टिकवलं. नव्या पाळकाने सहा महिने चालींना हात लावू नये. गिटार नंतर आली, राहिलीसुद्धा, पण ती पेटीच्या मागे.

उपदेश मी आधी पुस्तकांतून काढायचो. लेन्तात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. त्या चाळीस दिवसांत मला कळलं की रविवारी मी ज्या प्रश्नांची उत्तरं देतो, ते प्रश्न कुणालाच पडलेले नाहीत. कुणाच्या सुनेला माहेरी धाडलंय, कुणी मुकादमाची उचल फेडतंय, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास झालाय. चहाला नाही म्हणू नका, पण आठ घरं असली तर साखर कमी सांगा. आणि ऐकलेलं पुढच्या रविवारी उदाहरण म्हणून वापरू नका. नाव न घेता वापरलं तरी गावाला कळतं. मी एकदा वापरलं. ते घर वर्षभर चर्चला आलं नाही.

रजिस्टरांकडे नवे पाळक दुर्लक्ष करतात. बाप्तिस्मा, विवाह, दफन अशी तीन असतात. लग्नं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतात आणि त्यात वेळ दिलेली आहे, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. वरात बँड लावून पावणेसातपर्यंत पारावरच नाचत असेल, तर नवरदेवाला हाताला धरून आणायचं काम तुमचं. मी आणलंय. बाप्तिस्म्याचं रजिस्टर त्याहून नाजूक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे कागदावर एक आणि मनात एक असं जगणारी घरं तुम्हाला भेटतील. त्यांना व्यासपीठावरून टोमणे मारणारे पाळक मी पाहिलेत. पोराच्या फीचा हिशेब त्यांना करावा लागत नाही. खोटा दाखला देऊ नका, पण अशा घरावर न्यायाधीश होऊनही बसू नका.

मदतीच्या बाबतीत मी सुरुवातीला खिशातून पैसे दिले. आठवड्यात दाराशी रांग लागली आणि पगार पंधरा तारखेलाच संपला. मग मंडळीच्या पंचांना सांगून छोटा निधी काढला. पण पैशापेक्षा जास्त उपयोगाचं ठरलं ते सोबत जाणं. दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळत नसली की गरीब माणूस तिथूनच घरी परततो. त्याच्याबरोबर उभं राहून, तहसीलला हेलपाटा घालून ते नाव दुरुस्त करून आणलं, तर ऑपरेशन होतं. हेलपाट्यांचे ते दिवस वार्षिक अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचे, ते मला अजून जमलेलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनला सेमिनरीची सहल गेली होती. दुष्काळातल्या मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं ते काम तेव्हा मी फोटो काढत पाहिलं. इतक्या जणींचं रोजचं जेवण, कपडे, शाळा म्हणजे काय, हे पहिल्यांदा समजलं ते तहसीलच्या बाकावर.

शेवटचं नाताळबद्दल. दसरा झाला की आमची अर्धी मंडळी ऊसतोडीला जाते. चर्चमध्ये उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. पहिल्या वर्षी रिकाम्या बाकांपुढे मी तासभर बोललो. दुसऱ्या वर्षी टेम्पो केला, केक आणि मेणबत्त्या घेतल्या आणि कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर, गेलो. लोक अंधार पडल्यावर गाड्या खाली करून आले. पहाटे चारला पुन्हा फडात जायचं होतं, म्हणून उपासना वीस मिनिटांची केली. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षरस, घेतलं ते आपल्या मंडळीतल्या अकरा जणांनी, बाकी टोळी, कुठल्या कुठल्या गावची, भोवती बसून होती आणि केक सगळ्यांना पुरवून पुरवून वाटला.

तुम्ही गेलात तर तिथे हार्मोनियम नेऊ नका. धूळ फार, भाते बिघडतात. हलगी कुठल्या ना कुठल्या कोपीत असतेच.