मिररलेस की प्रीमियम कॉम्पॅक्ट? आधी लेन्स पाहा

पहिला कॅमेरा म्हणून मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) घ्यावा की प्रीमियम कॉम्पॅक्ट (कायम जोडलेल्या लेन्सचा छोटा पण दर्जेदार कॅमेरा), हे ठरवताना बहुतेक जण केवळ सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार पाहतात. अनेक मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर साधारण 23.5 × 15.6 मिलिमीटरचा, तर कॉम्पॅक्टमधला ‘एक इंची’ सेन्सर 13.2 × 8.8 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे तिपटीचा फरक असतो. मात्र कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, बहुधा एफ/3.5 पासून सुरू होते आणि चांगल्या कॉम्पॅक्टचे एफ/1.8 पासून (आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), त्यामुळे अंधारात मोठ्या सेन्सरचा लाभ जवळजवळ उरतच नाही. इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत रात्री पिवळ्या दिव्याखाली, कढईत तळल्या जाणाऱ्या गराडू या कंदाचे फोटो गर्दीत कोणाला धक्का न लावता काढायचे असतील, तर खिशात मावणारा कॉम्पॅक्टच मला अधिक सोयीचा वाटतो. घरची मंगळागौर टिपायची असेल आणि पुढे एफ/1.8 ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेण्याची खरोखर तयारी असेल, तर मात्र मिररलेसच घ्यावा, कारण कॉम्पॅक्टची लेन्स बदलता येत नाही. दुकानात स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे, कमी उजेडाच्या कोपऱ्यात दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच वस्तू टिपावी आणि ते फोटो घरी मोठ्या पडद्यावर पाहूनच पैसे मोजावेत.