टाय रॉड एंड काढताना फेरे मोजा

पांदण रस्त्यावर चालणाऱ्या फोर बाय फोरचं स्टिअरिंग ढिलं वाटू लागलं की आधी टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याचा, रबरी बूट पाहा. पावसाळ्यात आपली काळी माती फाटक्या बुटातून आत शिरते, ग्रीस खाते आणि दिवाळीनंतर आतच दगडासारखी बसते. असा जॉइंट वरून ग्रीस मारून सुधरत नाही, बदलावाच लागतो.

चाक उचला, चेसिसखाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर भरवसा नको). घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवलं आणि खडखड आली, तर बहुधा टाय रॉड एंड. १२ आणि ६ ला आली, तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा: खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो सांधा किंवा खुंटा).

जुना एंड काढताना पूर्ण किती फेरे फिरला ते मोजून खडूने फेंडरवर लिहा. नवा तेवढेच फेरे आत घाला. टेपर (एंडचा निमुळता स्टड) सुटत नसेल तर हातोडा स्टडच्या डोक्यावर नको, नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) डोळ्यावर बाजूने मारा. मारताना नट दोन आट्यांवर राहू द्या, नाहीतर रॉड पायावर येतो. नट अडवणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. पिन नवीनच घाला, दहा-वीस रुपयांसाठी जुनी वाकवू नका.

पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळा. मग हळूहळू तालुक्याला नेऊन चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. मोजलेले फेरे तिथवर पोचवतात, टायर वाचवत नाहीत.