चिनी पारंपरिक वैद्यकासाठी पुराव्यांवर आधारित उपचार-मार्गदर्शिका कशी तयार करावी

सर्वप्रथम प्रश्न नेमका ठरवावा: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम मोजायचा. चिनी वैद्यकात खरी कसोटी इथेच लागते, कारण एकाच आजाराच्या दोन रुग्णांना त्यांच्या लक्षणसमूहानुसार, म्हणजे ‘झेंग’नुसार, वेगवेगळे काढे दिले जातात. जुनाट अपचनात प्लीहेची ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, क्षीण झालेला रुग्ण आणि यकृताची ‘ची’ अडलेला रुग्ण यांना एकाच गटात टाकले, तर निघणारी शिफारस दोघांच्याही उपयोगाची राहत नाही. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत अशा लक्षणसमूहांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. गटांच्या व्याख्या शक्यतो तिथूनच घ्याव्यात.

समितीत चिनी वैद्य, आधुनिक डॉक्टर, संशोधनपद्धतीचे जाणकार आणि रुग्ण असावेत, आणि प्रत्येकाने आपले आर्थिक हितसंबंध आधीच लेखी जाहीर करावेत.

पुरावे शोधताना पबमेड व कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाच्या संग्रहांवर न थांबता सीएनकेआय आणि वानफांग हे चिनी संग्रहही धुंडाळावेत. हाती आलेल्या चाचणीत रुग्णांची विभागणी खरोखर यादृच्छिक होती का, हे तपशिलात तपासावे. केवळ तसा उल्लेख असणे पुरेसे नाही. पुढे ‘ग्रेड’ पद्धतीने पुराव्याची प्रत ठरवावी. तीत यादृच्छिक चाचण्यांची सुरुवात वरच्या प्रतीपासून होते आणि पक्षपात, विसंगती, अप्रत्यक्षता, अनिश्चितता व प्रकाशनातील एकांगीपणा या पाच कारणांनी ती उतरते.

प्राचीन ग्रंथांतील नोंदी मात्र वेगळ्या रकान्यात मांडाव्यात. चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे होंग यांच्या ग्रंथातून चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधाचा धागा मिळाला, ज्यासाठी त्यांना २०१५चे नोबेल मिळाले. पण त्याचा गुण सिद्ध झाला तो प्रयोगांतून आणि रुग्णांवरील चाचण्यांतून. ग्रंथाचा मान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

सुरक्षिततेच्या प्रकरणात हात आखडता घेऊ नये. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात ‘फांगजी’ या वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे मूत्रपिंडांना घातक ॲरिस्टोलोचिक आम्ल असलेली ‘ग्वांग फांगजी’ गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून प्रत्येक शिफारशीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरायचा भाग, त्यावरील प्रक्रिया, मात्रा आणि कालावधी लिहावाच; शिवाय वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याला ‘दानशेन’ ही चिनी औषधी वनस्पती दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, अशा आंतरक्रिया त्या शिफारशीच्या शेजारीच नोंदवाव्यात, परिशिष्टात नव्हे.